हळद लागलेली गाडी

माणसाने आजवर केलेली सगळी सुधारणा म्हणजे तापलेली वस्तू वेळेवर थंड करण्याची कला होय. ज्या अनाम पूर्वजाने पहिल्यांदा चहा बशीत ओतला त्याच्यापासून ही कला सुरू झाली आणि वाढत वाढत मोटारीच्या रेडिएटरपर्यंत येऊन पोचली. लातुरातले पेंडीचे व्यापारी सिद्रामप्पा यांचा या सुधारणेला तत्त्वतः विरोध नव्हता. फक्त तिच्यासाठी चांगलं पाणी खर्च करायला ते तयार नव्हते.

यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. ज्या गावाला एका उन्हाळ्यात रेल्वेने पाणी आणून पाजावं लागलं, त्या गावचा माणूस पाण्याकडे इतर गावच्या माणसासारखा बघत नाही. सिद्रामप्पांच्या घरी पाण्याचे तीन दर्जे होते. जारचं पाणी माणसांना. नळाचं पाणी देवाला आणि स्वयंपाकाला. आणि बोअरचं पाणी धुण्याभांड्याला, म्हशीला आणि गाडीला. बोअरच्या पाण्यात मीठ इतकं, की बादली दोन दिवस तशीच राहिली तर काठाला पांढरी रांगोळी उमटायची. म्हैस ते पाणी पिताना तोंड वाकडं करी. गाडीने मात्र कधी तक्रार केली नव्हती. त्यामुळे सिद्रामप्पा गाडीला म्हशीपेक्षा समजूतदार मानत.

गाडी नवी होती तेव्हा तिच्या रेडिएटरमध्ये हिरवं पाणी होतं. ते कमी झालं तेव्हा दुकानदाराने तसल्याच हिरव्या पाण्याचा डबा पुढे केला. "पाणी इकत घ्यायचं, आणि तेबी रंगीत," असं म्हणून सिद्रामप्पा घरी आले आणि त्यांनी बोअरचा पाइप सरळ रेडिएटरला लावला. तेव्हापासून गाडी बोअरवर होती.

गाडी घेतली होती ती बहिणीमुळे. बहीण शिवकांता कंधारला दिलेली. तिच्या थोरल्या मुलीच्या, सृष्टीच्या लग्नाला सिद्रामप्पा यष्टीने निघायचे होते. यष्टी वेळेवर आली आणि वेळेवर गेली. सिद्रामप्पा त्या वेळी शेवटचं गिऱ्हाईक आणि त्याचं पोतं तोलत होते. ते कंधारला पोचले तेव्हा जेवणाच्या पंगती उठत होत्या आणि नवरीला मांडवात आणायचा मामाचा मान कुणा एका चुलतमामाने उरकून टाकलेला होता. त्या दिवसापासून दाजी माणिकप्पा यांनी सिद्रामप्पांशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, शिवीगाळ नाही. फक्त जे सांगायचं ते बायकोमार्फत. एका मयताला दोघे एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसले होते. तेव्हाही माणिकप्पांनी बायकांच्या घोळक्यात निरोप धाडून शिवकांताला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या भावाला म्हणावं, जरा सरकून बसा."

आता धाकटी मंजुषा उजवायची होती. त्या घराण्याची रीत अशी, की नवरीला लागणारी पहिली हळद मामाच्या घरून यायची. पुडीतली चालत नसे. वसमतकडची हळकुंडं आणून मामीने ती जात्यावर दळायची आणि मामाने स्वतः घेऊन जायची. सिद्रामप्पांच्या पत्नी शरणम्मांनी ती दळून पितळी डब्यात भरून ठेवली होती. आदल्या दिवशी शिवकांताचा फोन आला.

"अण्णा, हे म्हणायलेत, उद्या संध्याकाळी हळद लागायच्या आत आलात तर मामा तुम्हीच. न्हाईतर गेल्या बारीचा चुलतमामा कापडं शिवून तयार हाय."

"त्यांना म्हणावं, म्या गाडीनं यायलोय."

मागून माणिकप्पांचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, गाडीनं या, बैलगाडीनं या. येळेवर या."

"हे म्हणतेत—"

"ऐकू आलं," सिद्रामप्पा म्हणाले. "तरी सांग तू. बरं वाटतं."

फोन ठेवून ते हळदीच्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय का ते बघून आले. मंजुषा लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या दुकानात येऊन पेंडीच्या ढिगावर झोपायची. एक मांडव त्यांच्याविना उभा राहिला होता. दुसराही राहिला असता तर नात्यातून मामा हा शब्द त्यांच्यापुरता पुसला गेला असता, आणि ते त्यांना चांगलं कळत होतं.

निघायच्या आधी काही दिवसांपासून गाडीखाली ओल दिसू लागली होती. लातुरात उन्हाळ्यात जमिनीवर ओल दिसणं ही गंभीर गोष्ट. सिद्रामप्पांनी सरळ शेजारच्या शेषेरावांवर आळ घेतला. शेषेराव सरकारात पाण्याच्या खात्यात होते आणि पाणी कसं वापरावं यावर भाषणं देत देत निवृत्त झाले होते. त्यांना आळ फार लागला. ते गाडीखाली वाकून बोट ओलं करून आले.

"अप्पा, हे पाणी माझं न्हाई. हे तुमच्या गाडीचं हाय. रेडिएटर गळायलंय."

"गळायलंय कुठं. घाम हाय तो. उन्हाळा हाय ना."

"गाडीला घाम येत नसतो अप्पा."

"तुमच्या गाडीला येत नसंल. उभीच असती ती."

तरी आळ घेतल्याची बोच सिद्रामप्पांना होती. शिवाय वाटेत काही झालं तर जाणता माणूस जवळ असावा. म्हणून त्यांनी शेषेरावांना लग्नाला सोबत घेतलं. शेषेरावांनी स्वतःची गाडी आयुष्यात कधी शहराबाहेर नेली नव्हती. परंतु गाडीबद्दल त्यांना सगळं माहीत होतं, आणि हे सगळं माहीत असण्याचं तेच कारण असावं.

दुपारी तिघे निघाले. सिद्रामप्पा पांढऱ्या धोतरात, शेषेराव शेजारी, मागे शरणम्मा नव्या इरकल लुगड्यात. त्यांच्या मांडीवर हळदीचा डबा, पायाशी पाण्याचा जार आणि बाजूला फेट्याचा खोका. मे महिना होता. रस्ता तव्यासारखा तापला होता. चाकूर मागे पडलं आणि एसीमधून गार वाऱ्याऐवजी कोमट वारा यायला लागला.

शेषेराव पुढे वाकले. "अप्पा, तो काटा बगा. वर चाललाय."

"चांगलं हाय की."

"चांगलं कसं?"

"काटा वर गेला म्हंजे माल भरला," सिद्रामप्पा म्हणाले. त्यांचं सगळं आयुष्य तराजूच्या काट्यासमोर गेलं होतं आणि वर गेलेल्या काट्याने त्यांना कधी दगा दिला नव्हता. "खाली आला तर काळजी. तेल संपतंय."

"तेलाचा काटा दुसरा हाय. हा गरमीचा."

"मंग मे महिन्यात गरमी वर जाणार न्हाई तर काय खाली येणार?"

यावर शेषेरावांना उत्तर सुचलं, पण ते बोलायच्या आत बॉनेटच्या फटीतून वाफ आली. आधी थोडी, उदबत्तीसारखी. मग रस्ता दिसेना. सिद्रामप्पांनी गाडी एका लिंबाखाली घेतली. तिघे खाली उतरले आणि बॉनेट उघडून आत बघत उभे राहिले. आत काय बघायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, पण सगळे जण बघत होते. शेळ्या हाकत एक म्हातारी तिकडून चालली होती. ती थांबली, वाफ बघितली आणि म्हणाली, "शिजला का भात?" आणि उत्तराची वाट न बघता गेली.

"झाकण उघडू नका," शेषेराव म्हणाले. "तापल्यावर ते कुकरसारखं असतंय. आधी गार होऊ द्या. मंग पाणी घाला."

गार होईस्तोवर तिघांनी लिंबाची सावली सरकत जाताना पाहिली. मग शरणम्मांनी जार उचलला.

"ते कामून घ्यायलीस?" सिद्रामप्पा म्हणाले.

"गाडीत घालायला."

"पिण्याचं पाणी हाय ते."

"मंग तिला काय धुण्याचं देऊ का हितं? आणू कुठून?"

सिद्रामप्पांनी आजूबाजूला बघितलं. क्षितिजापर्यंत कुठे बोअर दिसत नव्हता. शेवटी त्यांनी जार स्वतः हातात घेतला, कारण बायकांचा हात सैल असतो असं त्यांचं मत होतं, आणि पेल्याने पाणी घालायला सुरुवात केली. एक पेला घातला की ते थांबून बघत. पुरे झालं का असा भाव त्यांच्या तोंडावर असे.

"पाव्हणा हाय का तो, पेल्यानं पाजायला?" शेषेराव म्हणाले. "वता सरळ."

अर्धा जार आत गेला. सिद्रामप्पांनी उरलेला अर्धा जार उन्हाकडे धरून नजरेने मापला.

एसी बंद करून, काचा खाली घेऊन, चढ आला की जीव मुठीत धरून ते अहमदपूरला पोचले. गावात शिरताना डाव्या हाताला व्यंकटचं गॅरेज होतं. व्यंकट गाड्यांचा डॉक्टर म्हणवून घ्यायचा आणि डॉक्टरसारखाच आधी गप्प बसायचा. त्याने रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. खालच्या सांध्याला चुन्यासारखा जाड थर धरला होता.

"लातूर का?" त्याने विचारलं.

"लातूर."

"बोअरचं पाणी?"

"बोअरचं."

व्यंकटने दुःखद बातमी सांगताना काढतात तसा श्वास काढला. "गाडीला मुतखडा झालाय."

"ह्यांनाबी हाय," शरणम्मा म्हणाल्या.

"एकच पाणी प्यालेत दोघं. मावशी, आतल्या नळ्या खारानं भरल्यात. पाणी फिरना झालंय. पाणी फिरलं न्हाई तर गरमी बाहेर जाणार कशी? रेडिएटर काढून धुवायला लागतंय. गाडी ठेवून जा. उद्या दुपारी न्या."

"उद्या दुपारी भाचीचं लगीन हाय," सिद्रामप्पा म्हणाले. "आज संध्याकाळी हळद."

"कुठं?"

"कंधार."

"यष्टी हाय ना."

सिद्रामप्पांनी यष्टीचं नाव ऐकल्यावर असं तोंड केलं की व्यंकटने तो विषय पुढे नेला नाही. "बरं, मी दोन घास खाऊन येतो. आल्यावर बगू जुगाड. तोवर कुणी हात लावू नका," असं बजावून तो मागच्या घरात गेला.

हात लावू नका असं सांगितल्यावर जाणता माणूस हात लावतोच. शेषेराव थोडा वेळ त्या पांढऱ्या थराकडे बघत राहिले. त्यांच्या मते रोगाचं मूळ उघड दिसत होतं आणि डॉक्टर जेवायला बसला होता. "अप्पा, हा खार खरवडला तर निम्मं काम होतंय," ते म्हणाले आणि गॅरेजमधला एक जुना चमचा घेऊन त्यांनी सांध्यावरचा थर टोकरायला सुरुवात केली. थर खपलीसारखा निघाला. शेषेराव खूश झाले. त्यानंतर त्याच जागेवरून पाण्याची बारीक धार निघाली आणि ती त्यांच्या चपलेत पडायला लागली.

व्यंकट हात पुसत आला. त्याने धार बघितली, चमचा बघितला.

"कुणी केलं?"

"खार काढला," शेषेराव म्हणाले. "आपलं तेवढंच."

"साहेब, ह्या रेडिएटरात खारच तेवढा शाबूत होता. भोक त्यानंच दाबून धरलं होतं. आता धरणाचा दरवाजाच उघडलात तुम्ही."

पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला हे फार लागलं. पण त्याच क्षणी त्यांना एक आठवण झाली. "ट्रकवाले गळतीला हळद टाकतेत म्हणे. फुगून भोकाला बसती."

"टाकतेत," व्यंकट म्हणाला. "पण मी सांगितलं म्हणू नका. भोक बुजतंय, तसं नळ्याबी बुजतेत."

सगळ्यांच्या नजरा शरणम्मांच्या मांडीवरच्या पितळी डब्याकडे गेल्या. शरणम्मांनी डबा पदराखाली घेतला.

"अजिबात न्हाई. नवरीची हळद हाय ही. हात दुखोस्तोवर दळलीय म्या."

"अगं, हळद न्यायची तर गाडी पायजे," सिद्रामप्पा म्हणाले.

"आणि गाडी न्यायची तर हळद घालायची? मंग तिथं जाऊन काय लावायचं पोरीला, गिरीस?"

प्रश्न बरोबर होता. हळद न घालता गाडी जात नव्हती, आणि हळद घालून गेलं तर हळद राहत नव्हती. सिद्रामप्पांनी आयुष्यभर पाव आणि अर्धा असे हिशेब केले होते. त्यांनी तडजोड काढली. "अर्धी घालू. अर्धी ठेवू. पोरीला सगळी थोडीच लागती? गालाला जराक, हाताला जराक."

शरणम्मांनी मन घट्ट करून मूठभर मूठभर हळद काढून दिली. देताना त्यांनी दर वेळी डोळे मिटले. व्यंकटने गॅरेजचं बोअरचं पाणी भरलं, आणि खरोखरच काही वेळाने धार थेंबावर आली आणि थेंब थांबला. तिघांचे चेहरे उजळले. व्यंकटचा उजळला नाही.

"आता ही आणखी लवकर तापणार. जायचंच असंल तर एक करा. हीटर लावून जा."

"काय लावून?"

"हीटर. फुल्ल. इंजिनची गरमी आत ओढून घ्यायची. कुणीतरी तापणारच हाय. इंजिन तापायचं न्हाईतर तुम्ही. निवडा."

अहमदपूरहून कंधारला जाणारा तो प्रवास ज्यांनी रस्त्याकडेच्या हॉटेलात बसून पाहिला, ते पुढे बरेच दिवस त्याबद्दल बोलत होते. मे महिन्याच्या टळटळीत उन्हात एक पांढरी गाडी चालली होती. तिच्या चारी काचा खाली होत्या आणि आत हीटर लावून तीन माणसं बसलेली होती. चटके बसतील एवढी हवा पायांवर येत होती. सिद्रामप्पांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचून घेतलं. शेषेरावांनी आधी घड्याळ काढलं, मग चष्मा, मग शर्टाची बटणं. शरणम्मा मागे इरकल लुगड्यात मूकपणे वाफाळत होत्या.

"बायकोला भट्टीत बसवून भाचीच्या लग्नाला निघालेला मामा बघितला का कुठं?" त्या शेवटी म्हणाल्या.

"काटा खाली यायलाय," सिद्रामप्पा म्हणाले. आता त्यांना काट्याचा अर्थ कळला होता आणि तो खाली येताना बघून त्यांना आयुष्यात प्रथमच आनंद होत होता.

"काटा खाली यायलाय आणि माझा जीव वर चाललाय."

"जरा दम धरा वहिनी," शेषेराव म्हणाले. "आला किल्ला. आलंच कंधार."

किल्ला खरंच दिसला, आणि त्याच वेळी काटा परत चढायला लागला. गाडी थांबवून बघितलं तर धार पुन्हा सुरू होती. आधीची हळद भोकाला कंटाळून आतल्या नळ्यांत जाऊन बसली होती. जारमध्ये उरलेलं अर्धं पाणी होतं. ते या वेळी सिद्रामप्पांनी पेला न घेता ओतलं. मग तिघेही डब्याकडे बघू लागले.

"न्हाई," शरणम्मा म्हणाल्या.

ऊन कलत होतं. लांबून सनई ऐकू यायला लागली होती. चालत गेलं तर ओझी घेऊन वेळेत पोचणं शक्य नव्हतं. सिद्रामप्पा रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि सनईकडे कान लावून राहिले.

शेषेरावांनी घसा साफ केला. पाण्याच्या खात्यात त्यांनी कितीतरी अडचणी नुसत्या युक्तिवादाने सोडवल्या होत्या. "वहिनी, रीत काय हाय? मामाच्या घरची हळद मांडवात पोचली पायजे. कशातून पोचली पायजे हे कुठं ठरलंय? डब्यातून जाईल न्हाईतर रेडिएटरातून जाईल. पोचल्याशी कारण."

शरणम्मांनी त्यांच्याकडे बघितलं. मग दगडावर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. आणि डबा पुढे केला. "घाला सगळी. मामाच पोचला न्हाई तर हळद घेऊन काय करू."

मांडव शिवकांताच्या दारातच होता, अरुंद गल्लीत. सिद्रामप्पांनी फेटा बांधला, खोचलेलं धोतर खाली सोडलं आणि गाडी गल्लीत घातली. मांडवाच्या तोंडाशी येईस्तोवर बॉनेटमधून पांढरे ढग निघत होते. मांडवातली पोरं ओरडत बाहेर आली. त्यांना वाटलं, नवरीच्या एंट्रीला लावतात ते धुराचं मशीन आलं. माइकवाल्याने परिस्थिती हेरून, "नवरीचे मामा लातूरहून आलेले आहेत, मामांचं मंडळाच्या वतीनं स्वागत," असं जाहीर केलं. सनईवाल्याने सूर चढवला. गाडी मांडवाच्या बरोबर कमानीखाली दोन आचके देऊन बंद पडली.

दाराशी माणिकप्पा उभे होते. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, हाताची घडी. त्यांच्यामागे चुलतमामा नव्या सफारीत आणि फेट्यात तयार होता. शिवकांता धावत आली. भाऊ घामाने निथळत होता आणि चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता, पण भाऊ आला होता.

"अण्णा, आलात. बरं झालं. बायका थांबल्यात."

माणिकप्पा तिच्याकडे वळले. "तुझ्या भावाला विचार, हळद आणली का?"

"अण्णा, हे विचारतेत—"

"आणली," सिद्रामप्पा म्हणाले. "सगळी आणली."

"विचार त्यांना, कुठाय?"

शरणम्मांनी पितळी डबा पदराखाली आणखी खोल सरकवला. शेषेराव कमानीवरची झालर फार बारकाईने पाहू लागले. सगळा मांडव वाट बघत होता. सिद्रामप्पा खोटं बोलणारे नव्हते. शिवाय हीटरमध्ये इतका वेळ बसलेल्या माणसाची विचारशक्ती कितीशी शाबूत राहणार? त्यांनी बॉनेट वर केलं, रेडिएटरकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हितं."

कुणाला काही कळलं नाही. माणिकप्पा नीट बघायला दोन पावलं पुढे आले. आणि सिद्रामप्पांनी पुरावा दाखवायला म्हणून झाकणाला हात घातला.

"अप्पा, झाकण नका—" शेषेराव म्हणाले. पण कुकरची शिट्टी थांबवायला उशीर झालेला होता.

झाकण अर्धं फिरताच सिद्रामप्पा घाबरून मागे सरले, हे फार बरं झालं. वाफेचा लोट बॉनेटला धडकला, आणि त्यामागून आलेलं पाणी कमानीच्या झालरीपर्यंत उसळून, तिथे पसरून, कोमट होऊन खाली पडलं. ते पिवळंधमक होतं. सिद्रामप्पांचा फेटा पिवळा झाला, सदरा पिवळा झाला. माणिकप्पांच्या इस्त्रीवर वरपासून खालपर्यंत पिवळे ओघळ उतरले. माइकवाल्याच्या माइकमधून काही वेळ नुसती खरखर येत राहिली. सनईवाला मात्र थांबला नाही. हळदीला काय वाजवायचं हे त्याला माहीत होतं आणि त्याच्या दृष्टीने हळद लागलेली होती.

गाडी एकदा खोकली आणि गप्प बसली.

मग आतून मंजुषा बाहेर आली. हळदीला बसायचं म्हणून नेसलेलं जुनं लुगडं, केस मोकळे. तिने मामाकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि खुदकन हसली.

"मामा, हे काय केलं?"

"बाळा, तुझी हळद," सिद्रामप्पा म्हणाले. "डब्यातनं आणायची होती. वाटेत गाडीला द्यावी लागली."

मंजुषाने पुढे होऊन मामाच्या खांद्यावर जमलेल्या ओल्या हळदीला बोट लावलं आणि ते आपल्या दोन्ही गालांना पुसलं. "मामाच्या घरची हाय ना? मंग झालं तर. आत्या, कुंकू आण." बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकीने हुंदका आवरला, दुसरीने हसू, आणि मग सगळ्याच पुढे सरसावून मामाच्या अंगावरून हळद घेऊ लागल्या. सिद्रामप्पा देवाच्या मूर्तीसारखे हात जोडून उभे राहिले. कडेला चुलतमामाने गुपचूप आपला फेटा सोडायला घेतला होता.

राहिले माणिकप्पा. ते चष्मा काढून धोतराच्या कोरड्या टोकाने पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते. शिवकांता नवऱ्याकडे बघत जागच्या जागी उभी होती. शेषेराव आणि शरणम्मा गाडीच्या आडोशाला गेले. माणिकप्पांनी चष्मा लावला आणि ते सावकाश सिद्रामप्पांच्या समोर येऊन उभे राहिले.

"शिवकांता, तुझ्या भावाला—" त्यांनी सवयीने सुरुवात केली आणि थांबले. शिवकांता लगबगीने पुढे आली. त्यांनी हाताने तिला थांबवलं. घसा खाकरला. पिवळ्या झालेल्या मेव्हण्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून थेट शब्द निघाले.

"मामा," ते म्हणाले, "तेवढी गाडी जरा मागं घेता का? आचाऱ्याचा टेम्पो अडकलाय."